मारांगूतलं घर: पहिला आठवडा

शनिवार

टांझानियातल्या मोशी शहरापासून मारांगू सुमारे 40 किलोमीटर. हिमोच्या फाट्यापर्यंत रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना वाळलेला मका आणि धूळ. फाट्यावर डावीकडे वळलं की चढ लागतो आणि बघता बघता सगळं पालटतं. उन्हाचा चटका जातो, गाडीत गार वारा शिरतो आणि रस्त्याच्या कडेपर्यंत केळीच केळी दिसू लागतात. मारांगू समुद्रसपाटीपासून चौदाशे मीटरच्या आसपास आहे. विषुववृत्त इथून तीन-साडेतीन अंशांवर, तरी जुलैत स्वेटर लागतो, कारण हा किलिमांजारोचा उतार आहे. 5,895 मीटर उंचीचा तो डोंगर आज दिसला नाही. दुपारी तो ढगातच असतो, पहाटे उठून बघा, असं शेजारी बसलेल्या बाईंनी सांगितलं.

मी बागलाणातल्या एका शाळेत गणित शिकवते. बिनपगारी रजा घेऊन टांझानियात आले आहे ती इथल्या सेकंडरी शाळेतल्या फॉर्म वनच्या म्हणजे आपल्या आठवीच्या मुलांना गणित शिकवायला. राहायचं एका चाग्गा कुटुंबात. चाग्गा हे या डोंगराच्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे लोक. कुणाला असं यायचं असेल तर एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवते. स्वयंसेवकाला इथे पर्यटक व्हिसा चालत नाही, क्लास सी निवास परवाना लागतो. त्याची नीट व्यवस्था झाल्याशिवाय तिकीट काढू नये.

घरच्यांची नावं लिहिणार नाही, ती त्यांची खाजगी बाब आहे. घरात बीबी म्हणजे आजी, मामा म्हणजे आई, सहावीतला मुलगा आणि त्याच्या पाठची पाच वर्षांची मुलगी. थोरली मुलगी बोर्डिंगच्या शाळेत आहे, तिची खोली मला दिली आहे. बाबा डोंगरावर आहेत. ते पोर्टर, गिर्यारोहकांचं सामान वाहणारे. जून ते ऑक्टोबर हा गिर्यारोहणाचा मोठा हंगाम, त्यात मारांगूतले कितीतरी पुरुष घरी कमी आणि डोंगरावर जास्त असतात.

अंगणाशी थांबून 'होडी' म्हणायचं आणि आतून 'कारिबू' आलं की पाऊल टाकायचं, ही इथली रीत. बीबी दारात खुर्चीवर बसल्या होत्या. मी वाकून 'शिकामू' म्हणाले. वडीलधाऱ्यांना करायचा हा नमस्कार आणि त्याला मोठ्यांचं उत्तर 'माराहाबा'. बीबींनी ते दिलं आणि माझा हात धरला तो सोडलाच नाही. हात हातात ठेवूनच सगळी चौकशी झाली: प्रवास कसा झाला, घरी कोण कोण, आईची तब्येत कशी, शेतात काय आहे. कांदा म्हटल्यावर मान डोलली. डाळिंबासाठी फोनवर फोटो दाखवावा लागला. मी त्यांच्यासाठी सोलापुरी चादर आणली होती. ती त्यांनी उलगडली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि लगेच खांद्यावर घेतली. इथल्या थंडीला ती बरोबर बसली.

जेवणाआधी मुलगा जग आणि परात घेऊन प्रत्येकासमोर आला. तो पाणी ओततो, आपण हात धुवायचे. मग प्रार्थना, मग जेवण. मी मांस खात नाही हे आधी कळवलं होतं. मामाने माझ्यासाठी राजम्याची उसळ, म्चिचा म्हणजे आपला राजगिऱ्याचा पाला, आणि भात केला होता. बाकीच्यांना कोंबडी. घरात पाहुणा आला म्हणून कापलेली कोंबडी पाहुणीच खात नाही, याचं बीबींना फार वाईट वाटलं. त्यांनी माझ्या ताटात दोनदा उसळ वाढली. नंतर मी ताटं उचलायला गेले तर मामाने हातातून काढून घेतली. विहिरीसारखा खोल आवाज आहे तिचा. म्हणाली, 'तू बस.'

रविवार

पहाटे मागच्या दाराने बाहेर आले आणि केळीच्या वर, आकाशात जिथे मी डोंगर शोधलाही नसता इतक्या उंचीवर, किबोचा, म्हणजे किलिमांजारोच्या सर्वांत उंच शिखराचा, बर्फाचा माथा दिसला. उजवीकडे त्याच डोंगराच्या मावेन्झी या दुसऱ्या शिखराचे काळे सुळके. साडेआठपर्यंत सगळं ढगांनी झाकून टाकलं.

मारांगूत लुथरन पंथाचे लोक जास्त आहेत. जर्मनीतल्या लाइपझिगच्या मिशनने 1893 साली किलिमांजारोवर काम सुरू केलं, त्याचा हा वारसा. शेजारच्या किलेमात मात्र कॅथलिक. मी ख्रिस्ती नाही हे मामाला ठाऊक आहे, पण घरातली सगळी माणसं चर्चला जाणार आणि मी एकटी घरी राहणार हे तिला चालण्यासारखं नव्हतं. मलाही नव्हतं. तिने मला तिचा किटेंगे, म्हणजे अंगाला गुंडाळायचं छापील कापड, नेसवला, वर गाठ कशी मारायची ते दाखवलं.

प्रार्थना लांब चालली. एकामागून एक चार गायनवृंद उभे राहिले, त्यांत एक आज्यांचा होता आणि तोच सगळ्यांत दमदार गायला. पण मला खरं पाहायला मिळालं ते नंतर, चर्चच्या पटांगणात. ज्यांच्याकडे रोख नसतं ते दानात केळीचे घड, अंडी, ऊस, अ‍ॅव्होकॅडो, क्वचित कोंबडी आणतात. प्रार्थना संपली की त्या सगळ्याचा लिलाव होतो. एक उंच गृहस्थ वस्तू हातात धरून बोली पुकारत होते आणि भाव वाढला की लोक टाळ्या वाजवत होते. कुणी वस्तू विकत घेऊन पुन्हा दान करतं, मग तिचा परत लिलाव. एकच घड तीनदा विकला गेला. एका म्हाताऱ्यांनी अंड्यांची टोपली बोलीत घेतली आणि चालत येऊन माझ्या हातात दिली. पाहुणीसाठी, म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन्ही हातांनी टोपली धरून 'असांते साना' म्हणत उभी.

घरी आल्यावरही तेच. पाणी आणायला निघाले, मुलगा माझ्या आधी कळशी घेऊन पळाला. भांडी घासायला बसले, मामाने उठवलं. इतकं प्रेमाने कुणी उठवल्यावर वाद कसा घालणार? पण मी सहलीला आलेली नाही, हे त्यांना कसं सांगायचं याचाच विचार करत झोपले.

सोमवार

शाळा साडेसातला. इथल्या घड्याळात त्याला दीड म्हणतात, कारण दिवसाची मोजणी सूर्योदयापासून होते. सकाळचे सात म्हणजे पहिला तास. घड्याळातल्या वेळेतून सहा वजा करायचे, गणिताच्या बाईला यात अडचण यायचं कारण नाही.

पण सोमवार लक्षात राहील तो दुपारनंतरचा. शाळेतून आले तर बीबी घरामागे काठी टेकून उभ्या होत्या आणि भिंतीला दोन जेंबे टेकवून ठेवले होते. जेंबे म्हणजे लांब दांड्याची, रुंद पात्याची इथली कुदळ. एक मामाने उचललं. दुसऱ्याकडे बोट दाखवून बीबी म्हणाल्या, 'म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे.' पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. ही म्हण टांझानियात पोराटोरांनाही पाठ असते. 1962 साली देशाचे राष्ट्रपिता ज्युलियस न्येरेरेंनी उजामाचा, म्हणजे कुटुंबभावनेवर उभ्या समाजवादाचा, विचार मांडताना हिचाच दाखला दिला होता: काम करणं ही प्रत्येकाची जबाबदारी, पाहुण्याचीसुद्धा. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी पाहुण्याची अक्कल काढतात. बीबींनी मला कुदळ दिली. गेले दोन दिवस मी तिचीच वाट पाहत होते.

चाग्गांचं घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत, भोवतालचा किहांबा, म्हणजे घरची बाग, धरून घर. आमचा किहांबा एकरभराचाही नसेल, पण एकाच जमिनीत मजल्यांवर मजले आहेत. सगळ्यांत वर सिल्व्हर ओक आणि इतर जुनी झाडं, त्यांच्या सावलीत केळी, केळीच्या सावलीत कॉफी आणि अगदी खाली अळू, रताळी, घेवडा. गोठा घरालगत. गाय चरायला सोडत नाहीत, चारा तिच्यापुढे आणून टाकतात. केळीचं खोड चिरून तिला घालायचं, तिचं शेण केळीच्या बुंध्याशी टाकायचं. बागेच्या कडेला हिरवीगार, लांब पानांची इसाले लावलेली असते. हद्द तिनेच ठरते. भांडण मिटवायला, माफी मागायलाही इसालेचंच पान नेतात आणि ते पान घेऊन आलेल्याला परत पाठवणं फार कठीण मानतात. बागेच्या वरच्या अंगाला बीबींच्या यजमानांची आणि त्यांच्या सासू-सासऱ्यांची थडगी आहेत. ज्या मातीत आपली माणसं आहेत ती विकायची कशी, असा इथला साधा हिशेब.

केळीच्या बुंध्याभोवती आळं करायचं आणि त्यात शेणखत घालायचं, हे आजचं काम. केळीची मुळं वरच्या थरात असतात, म्हणून पातं खोल घालायचं नाही, तिरकं ओढायचं. मामाने एकदा करून दाखवलं आणि पुढच्या केळीकडे गेली. शेताचं काम मला नवं नाही, पण हा दांडा लांब आणि पातं जड. तासाभराने तळव्याला फोड आला. मामाने तो पाहिला, 'पोले' म्हणाली आणि काम चालू ठेवलं. हा 'पोले' दिवसभर कानावर पडतो. थकलात, ठेचकाळलात, ओझं वाहताय, नुसते कामावरून घरी येताय, तरी माणसं 'पोले' म्हणतात. तुमचे कष्ट आम्हाला दिसले, एवढंच त्यात असतं.

रात्री भांडी मी घासली. कुणी उठवलं नाही.

मंगळवार

आजचा दिवस सगळा शाळेचा.

टांझानियात सातवीपर्यंतचं सरकारी शिक्षण स्वाहिलीतून होतं आणि फॉर्म वनला एकदम इंग्रजी. काल ज्या भाषेत मूल अपूर्णांक सोडवत होतं ती आज वर्गात चालत नाही. सरकारने 2016 पासून फॉर्म फोरपर्यंत फी माफ केली आणि वर्ग भरून गेले, ही फार चांगली गोष्ट झाली. माझ्या वर्गात साठच्या आसपास मुलं आहेत, एका बाकावर तीन-तीन. पण भाषेची ही पायरी तितकीच उंच राहिली आहे.

मी स्वतः दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि अकरावी सायन्सला पहिल्या दिवशी वर्गात बसले तेव्हा मला काही येत नाही असं वाटायला लागलं. येत सगळं होतं. त्यामुळे दुसऱ्या बाकावरची एक मुलगी वहीत उत्तर बरोबर लिहून, मी बघते आहे म्हटल्यावर ते हाताने झाकून घेते, तेव्हा तिला काय वाटतं हे मला सांगावं लागत नाही. तिला म्हणाले, स्वाहिलीत सांग. तिने सांगितलं, धडाधड, एका दमात, प्रत्येक पायरीसकट. मला त्यातलं निम्मं कळलं, पण ती बरोबर आहे हे फळ्यावर कळत होतं. मग वर्गाने मिळून त्याच पायऱ्या इंग्रजीत बांधल्या, एकेक वाक्य. उद्यापासून हाच क्रम ठेवायचा असं इथल्या गणिताच्या शिक्षकांशी बोलून ठरवलं. ते म्हणाले, मीही असंच करतो, पण तपासणीच्या दिवशी नाही.

इथल्या शिक्षकांच्या जागी मी आलेली नाही आणि यायलाही नको. स्वयंसेवक निघून जातात, शिक्षक राहतात. म्हणून मी तास एकटीने घेत नाही, त्यांच्यासोबत घेते.

मुलं मला 'म्वालिमू' म्हणजे शिक्षक म्हणतात. न्येरेरेही शिक्षक होते, आणि देश अजून त्यांना म्वालिमूच म्हणतो.

बुधवार

संध्याकाळी बीबींच्या स्वयंपाकघरात बसले होते. घरात गॅसची छोटी शेगडी आहे, पण बीबींचं स्वयंपाकघर वेगळं, अंगणापलीकडे, तीन दगडांच्या चुलीचं. तिथे धूर असतो आणि गप्पाही तिथेच होतात.

रस्त्यावरची लहान मुलं गोऱ्यांना पाहून 'म्झुंगू' ओरडतात, मला पाहून 'म्हिंदी'. म्हिंदी म्हणजे भारतीय. बीबींनी आज तोच विषय काढला. त्यांच्या तरुणपणी मोशीच्या बाजारपेठेत दुकानं बहुतेक भारतीयांची. कापड, साखर, केरोसीन सगळं त्यांच्याकडे. रेल्वे 1911 साली मोशीला पोचली, व्यापार वाढला, पेढ्या उभ्या राहिल्या. पुढे 1967 च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर राष्ट्रीयीकरण आलं. 1971 च्या कायद्याने सरकारने मोठ्या इमारती ताब्यात घेतल्या, त्यांत बहुसंख्य आशियाई लोकांच्या होत्या, आणि पुष्कळ कुटुंबं देश सोडून गेली. हे मी वाचलेलं. बीबींना आठवतो तो दुकानातला लाकडी काउंटर. त्या दर वेळी त्याच्या अलीकडे उभ्या असायच्या आणि म्हिंदी पलीकडे. मालक वाईट नव्हता, म्हणाल्या. वजनात फसवत नव्हता. लग्नाचं कापड त्याच्याकडूनच घेतलं. पण आम्ही कधी त्याच्या घरात गेलो नाही, तो कधी आमच्या घरात आला नाही. मुलगा मला मधून मधून इंग्रजीत सांगत होता, कारण बीबी रंगात आल्या की स्वाहिली सोडून त्यांच्या चाग्गा बोलीत शिरतात.

मग त्या म्हणाल्या, 'या घरात झोपलेली तू पहिली म्हिंदी.'

मला उत्तर सुचलं नाही आणि त्यांना ते हवंही नव्हतं. त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. भारतीय माणूस इथे आला की या जुन्या काउंटरची आठवण त्याच्यासोबत घरात येते, हे येण्याआधी कुणी मला सांगितलं नव्हतं. गोऱ्या स्वयंसेवकांसोबत आणखी निराळं काहीतरी येत असेल. इथे येणाऱ्या आपल्या प्रत्येकाने हे जाणून यावं असं मला मनापासून वाटतं. ही माणसं आपल्याला ओळखतात, आपल्या आधी आलेल्यांवरून ओळखतात.

कोनाड्यात उलेझीचं पीठ होतं. उलेझी म्हणजे नागली, नाचणी. इथे तिची सकाळची पातळ पेज होते, तिला उजी म्हणतात, आणि केळी-नागलीची म्बेगे नावाची घरगुती बिअर. भाकरी मात्र नाही. मी परवानगी मागितली, गरम पाण्यात उकड काढली आणि हातावर थापून एक भाकरी चपातीच्या तव्यावर टाकली. बीबी जवळ सरकल्या. पहिला पापुद्रा फुगला तेव्हा त्यांनी मुलीला हाक मारून बोलावलं. राजम्यासोबत सगळ्यांनी खाल्ली. उरलेलं पीठ बीबींनी झाकून कोनाड्यात परत ठेवलं आणि रविवारी परत कर, म्हणाल्या.

गुरुवार

बाबा आले.

मारांगूचा मार्ग हा किलिमांजारोचा जुना मार्ग, तंबूंऐवजी लाकडी झोपड्या असलेला. मांडारा, होरोंबो, किबो असे मुक्काम. मांडारा 2,700 मीटरच्या थोडं वर, किबोची झोपडी 4,700 च्या वर. पोर्टरच्या ओझ्यावर 20 किलोची मर्यादा आहे आणि डोंगरावरच्या उद्यानाच्या दरवाजावर वजन होतं. गिर्यारोहक शिखराचा फोटो घेऊन घरी जातात. त्यांचं अन्न, भांडी, गॅस, सगळं वर नेणारी आणि खाली आणणारी ही माणसं गावात येऊन बुटांच्या नाड्या सोडतात तेव्हा फोटो काढायला कुणी नसतं. बाबांनी ओट्यावर बसून बूट काढले. टाचा फुटलेल्या, एका बोटाचं नख काळंनिळं झालेलं. मामाने घमेल्यात गरम पाणी आणून ठेवलं. मुलगी त्यांच्या पाठीवर लोंबकळली.

मी 'पोले ना सफारी' म्हणाले. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि हसले. तुझ्याबद्दल फोनवर ऐकलं, म्हणाले, नागलीची चपाती करतेस म्हणे. त्यांना बऱ्यापैकी इंग्रजी येतं. जेवताना मी विचारलं, वर कितीदा गेलात? मोजत नाही, म्हणाले. पहिल्या युरोपीय चढाईचा विषय निघाला. 1889 साली हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर शिखरावर पोचले. जगाच्या पुस्तकांत ही दोन नावं. मारांगूत मात्र त्यांच्यासोबत गेले म्हणून सांगतात त्या आपल्या गावच्या योहानी लाऊवोंचं नाव आधी घेतात. बाबांनीही तेच आधी घेतलं.

नऊ वाजता ते बसल्या जागी झोपले.

शुक्रवार

शाळेनंतर कॉफी. हंगाम आत्ता सुरू होतो आहे, म्हणून फक्त लाल झालेली बोंडं तोडायची, हिरवी ठेवायची. पुढचे काही महिने हे टप्प्याटप्प्याने चालेल. पाटीभर बोंडं हातयंत्रात टाकून मुलगा चाक फिरवतो, गर एका बाजूला पडतो आणि बी दुसऱ्या. बी निसरडी, बोटांतून सुटणारी. ती बादलीत आंबत ठेवायची, मग धुवायची, तरंगणारी फेकायची आणि जाळीच्या मांडवावर वाळवायची. किलेमाच्या कॅथलिक मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे कॉफी लावली. चाग्गा शेतकऱ्यांनी ती आपल्या केळीच्या सावलीत नेली आणि 1933 साली स्वतःचा सहकारी संघ उभा केला, केएनसीयू. आपल्याकडे प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहिला त्याच्या कितीतरी आधी. माझ्यासारख्या सोसायटीच्या गावात वाढलेल्या बाईला हे ऐकून अभिमान वाटला, दुसऱ्याच्या गावाचा असला तरी.

पैशाबद्दलही आज बोलले. माझी इथली सोय करणाऱ्या संस्थेला भरलेल्या रकमेतून या घराला किती मिळतं हे मी निघण्यापूर्वीच विचारलं होतं आणि मामालाही तेच विचारलं. दोन्ही आकडे जुळले. हा प्रश्न विचारण्यात संकोच नको. एका माणसाचं जेवण, पाणी, लाकूड, प्रीपेड मीटरची वीज या सगळ्याला पैसा लागतो, आणि तो ज्या घरातून जातो त्या घरात आला पाहिजे. मामालाही ते बोलून मोकळं वाटलं असावं, कारण त्यानंतर तिने पहिल्यांदाच मला बाजाराची यादी सांगितली.

झोपताना बाबा म्हणाले, उद्या पाटाचं काम आहे. प्रत्येक घरातून एक माणूस. मला परवा पुन्हा डोंगर आहे आणि पाय असे आहेत. मामाला बाजार आहे. जाशील का?

शनिवार

या उतारावर पाणी आहे, पण ते खोल घळींत वाहतं. ते वर अडवून, उताराच्या कडेकडेने, अगदी थोडा ढाळ देत बागांपर्यंत आणायचं, हे चाग्गांनी शतकांपूर्वी साधलं. या पाटांना म्फेरेजी म्हणतात. युरोपीय लोक एकोणिसाव्या शतकात पोचले तेव्हा ते वाहतच होते. कुठेही पंप नाही, मातीचा पाट आणि उतार एवढंच. धुळे-नाशिककडच्या पांझरा-मोसम नद्यांवरची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. माझे आजोबा मोसमच्या फडात शेती करायचे. बंधारा, पाट, पाळीने पाणी आणि ती पाळी राखणारा पाटकरी, हे शब्द मी अक्षरओळख व्हायच्या आधी ऐकले आहेत. पाट कुणा एकाचा नसतो, म्हणून तो साफ करायला सगळे जातात. इथे या सामुदायिक कामाला म्सारागांबो म्हणतात. जे घर माणूस पाठवत नाही त्याला दंड.

सातला, म्हणजे इथल्या एकला, जेंबे खांद्यावर घेऊन मी आणि मुलगा वर निघालो. पूर्वी पाटाचं काम पुरुषांचंच होतं, बीबींना तर तरुणपणी बंधाऱ्याजवळही जाऊ देत नसत. आज वीस-पंचवीस जणांत सात-आठ बायका होत्या. पाटाचे कारभारी वयस्क, डोक्याला लोकरी टोपी, हातात शाळेची वही. ते एकेक घर पुकारत आणि घरचं माणूस हात वर करी. आमच्या बाबांचं नाव आलं. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला. काही जण वळले. कारभाऱ्यांनी चष्म्यातून मला नीट पाहिलं, माझ्या खांद्यावरच्या जेंबेकडे पाहिलं आणि वहीत खूण केली. मग पुढचं घर.

प्रत्येक घराला पावलांनी मोजून लांबी दिली. आमच्या वाट्याला वळणाचा तुकडा आला. तिथे गाळ जास्त बसतो, कारण पाण्याचा वेग वळणावर मंदावतो. तळातला गाळ काढायचा, पण तळ खोल करायचा नाही. खोल झाला तर पुढे पाणी चढत नाही. उतारबाजूच्या भिंतीला उकरलेल्या मातीचाच लेप द्यायचा आणि पायाने दाबायचा. मुलगा मुळं कापत होता, मी गाळ वर टाकत होते. शेजारच्या तुकड्यावरच्या बाईंनी मधेच येऊन माझ्या भिंतीचा एक भाग जेंबेच्या पाठीने ठोकून पाहिला, दोन ठिकाणी पोकळ लागला, तिथे पुन्हा भरायला सांगितलं. भरला. परत ठोकून पाहिला. 'सावा,' म्हणाल्या, आणि आपल्या जागी गेल्या.

अकराच्या सुमारास वर बंधारा उघडला. आधी पाला आला, मग तपकिरी फेस, मग पाणी. ते आमच्या वळणावर आलं, किंचित थबकलं, भिंतीला भिडून पुढे सरकलं. भिंत टिकली. खालून कुणीतरी शीळ घातली, पाणी तिथवर पोचल्याची.

कारभाऱ्यांनी वहीतून पाळ्या वाचून दाखवल्या. आमच्या घराची पाळी मंगळवारी पहाटे, उजाडायच्या आधी, दोन तास. पाण्याच्या वेळी बागेत दोन माणसं लागतात, एक दार फिरवायला, म्हणजे पाणी एका ओळीतून दुसरीकडे वळवायला, आणि एक बॅटरी घेऊन केळीच्या ओळी बघायला. बाबा तेव्हा होरोंबोला असतील. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा मामा बाजारातून आणलेलं सामान काढत होती. तिने हात न थांबवता विचारलं, दार फिरवायचं येतं का? येतं, म्हणाले. मग बॅटरी मी धरते, म्हणाली.